मधली वर्षं: आंतरदेशीय दत्तकाच्या रांगेतलं मुलुंडचं एक कुटुंब

दत्तक घ्यायला निघालेल्या घराकडे आपली व्यवस्था दोनदा नीट बघते. मूल येण्याआधी गृह अभ्यास होतो. दत्तक संस्थेची कार्यकर्ती घरी येते, मिळकत, आजारपणं, नवरा-बायकोचं पटतं का, मूल का हवं, सगळं विचारते आणि अहवाल लिहिते. मूल घरी आलं की पुढची दोन वर्षं ठरावीक अंतराने पाठपुरावा होतो. या दोहोंच्या मध्ये जी वर्षं जातात, त्यांत त्या घराचं काय चाललंय हे विचारायला कुणी येत नाही. मी मुंबईत कुटुंब समुपदेशक म्हणून काम करते. दत्तकासाठी थांबलेली जी जोडपी माझ्याकडे येतात, ती जवळजवळ सगळी या मधल्या वर्षांत येतात. आणि दत्तकाबद्दल बोलायला म्हणून येतच नाहीत. भांडणं होतात, झोप लागत नाही, मुलगी चिडचिड करते, असं सांगत येतात. खरं कारण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं.

त्यांतल्या एका कुटुंबाचं प्रकरण त्यांच्या लेखी संमतीने इथे मांडते. नावं बदलली आहेत, काही तपशील मुद्दाम पुसट ठेवले आहेत. नवरा-बायकोचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हेही सांगत नाही. तेवढ्यावरूनही त्यांची ओळख पटेल.

कुटुंब

सुहास आणि मेधा दोघंही मुंबईत शिकले, लग्नानंतर परदेशी गेले, तिथे दहा-बारा वर्षं राहिले आणि तिथलं नागरिकत्व घेतलं. मुलगी ओवी तिथेच झाली. बाळंतपणात गुंतागुंत होऊन मेधाचं गर्भाशय काढावं लागलं. दुसरं मूल दत्तक घ्यायचं हे दोघांचं तेव्हाच ठरलं होतं, पण मध्येच सुहासचे वडील गेले, आई मुलुंड पूर्वेच्या घरात एकट्या राहिल्या आणि हे तिघं परत आले. ‘आपल्या माणसांत गेलो की दत्तकाचंही सोपं होईल,’ असं तेव्हा वाटलं होतं, असं मेधा म्हणाली. 2021 मध्ये त्यांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, ऑनलाइन नोंदणी केली. तेव्हा सुहास 41 वर्षांचा, मेधा 38 वर्षांची आणि ओवी सहा वर्षांची होती.

घर आजींच्या नावावर. जुन्या सोसायटीतलं दोन बेडरूमचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

मूल इथलं, घर इथलं, रांग परदेशाची

आजींचा पहिला प्रश्न मला फार योग्य वाटला. ‘आपण मुलुंडचे. मूल असेल नाशिकचं नाहीतर नागपूरचं. मग हे परदेशी दत्तक कसं काय झालं?’

उत्तर पासपोर्टात आहे. सुहास-मेधाकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, पण कायद्याच्या नजरेत ते भारतीय नागरिक नाहीत. बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 59 सांगतं की भारतात राहणाऱ्या ओसीआय कार्डधारकालाही आपल्या देशाच्या दूतावासाचं ना-हरकत पत्र जोडून अर्ज करावा लागतो. याच कलमात दुसरी मोठी गोष्ट आहे. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं झाल्यावर 60 दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते आंतरदेशीय, म्हणजे परदेशी पालकांच्या, दत्तकासाठी खुलं होतं. त्यातही पाच वर्षांवरची मुलं, भावंडं आणि शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली मुलं यांना आंतरदेशीय दत्तकात प्राधान्य देता येतं.

हा नियम कुणाला छळायला केलेला नाही, हे मी त्यांना वारंवार सांगितलं आणि मनापासून सांगितलं. भारतातली मुलं परदेशी पाठवताना काय काय प्रकार होतात, याची तक्रार एका वकिलाने पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवली आणि त्यातून 1984 चा लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा निकाल आला. मुलाला आधी आपल्या देशात घर शोधा, नाही मिळालं तर बाहेर, हे सूत्र त्या निकालाने पक्कं केलं. आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या 1993 च्या हेग कराराचाही गाभा तोच आहे आणि भारताने तो करार 2003 मध्ये मान्य केला. दूतावासाच्या पत्रामागेही विचार आहे. उद्या हे कुटुंब परत गेलं आणि मुलाला तिथे राहायची परवानगीच मिळाली नाही, तर त्या मुलाचं दुसऱ्यांदा घर सुटेल.

मग चूक कुठे होती? नोंदणी करताना सुहास-मेधाने ‘दोन वर्षांपर्यंतचं, निरोगी’ हा पर्याय निवडला, आणि त्यांच्या रांगेत या निवडीचा अर्थ काय होतो हे त्यांना कुणीही समोर बसवून सांगितलं नाही. तान्ही, निरोगी मुलं त्या 60 दिवसांच्या आतच इथल्या पालकांकडे जातात. देशातले हजारो पालक त्यांच्यासाठी थांबलेले असतात. म्हणजे ज्या मुलाची वाट हे दोघं बघत होते, ते त्यांच्यापर्यंत पोचण्याची शक्यता मुळातच फार थोडी होती. दूतावासाच्या पत्रासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात खेटे घालताना, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासण्या, नोटरी, अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावेत म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करताना त्यांना वाटत राहिलं की अडतंय ते कागदांमुळे.

थांबलेलं घर

मेधा माझ्याकडे आली ती 2023 च्या पावसाळ्यात, झोप लागत नाही म्हणून. तिसऱ्या भेटीसाठी मी त्यांच्या घरी गेले.

मुलांच्या खोलीत दुमजली पलंग होता. ओवी वरच्या पलंगावर झोपायची. खालच्या पलंगावर गादी, त्यावर स्वच्छ चादर, उशी, आणि त्यावर कुणी बसायचं नाही असा घरात अलिखित नियम. साताऱ्याहून मेधाची भाची परीक्षेसाठी राहायला आली होती, ती हॉलमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपत होती. हे मला सांगताना कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

जसजशी बोलत गेले तसं कळलं की घरातलं जवळजवळ सगळंच असं अडून राहिलंय. मेधाला पुण्याच्या शाखेत वरची जागा मिळत होती, तिने नाकारली. सुहास मुक्कामाच्या कामाला जाईनासा झाला होता. सुट्टीत कुठे जायचं तर ‘तेवढ्यात फोन आला तर?’ सातारला माहेरी जायचं तरी दोन रात्रींच्या वर नाही. आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षं पुढे ढकलली जात होती, कारण ‘बाळ आलं आणि आई अंथरुणावर असल्या तर कसं?’ आजी रोज तीन मजले दुखऱ्या गुडघ्याने चढत होत्या.

आणि मेधाच्या डोक्यात एक आकडा होता: 85. सप्टेंबर 2022 मध्ये नवे दत्तक नियम आले. त्यांत दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज 85 च्या वर नको, असं ठरलं. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100, आठ ते अठरासाठी 110. मेधा दर वाढदिवसाला बेरीज करायची. आपण 85 ओलांडलं की संपलं, अशी तिची पक्की समजूत होती. घरात वाढदिवस साजरे होत नव्हते ते यामुळे. प्रत्यक्षात नियम नोंदणीच्या दिवशीचं वय धरतो. त्यांची बेरीज नोंदणीच्या दिवशी 79 होती आणि त्या नोंदणीपुरती ती 79च राहणार होती. इतके महिने ही बाई ज्या भीतीने रात्र रात्र जागी होती, ती एका ई-मेलच्या उत्तराने गेली. असं एकच नाही, अनेक घरांत मी पाहिलंय, आणि दर वेळी तेवढाच संताप येतो.

मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून एक यादी करायला लावली. घरात काय काय थांबलंय ते सगळं लिहायचं. मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहायचं: ही खरोखर दत्तकामुळे थांबलीय, की तशी आपली समजूत आहे, की दत्तकाशी तिचा काही संबंधच नाही. समजुतीच्या रकान्यातली एकेक गोष्ट संस्थेला लेखी विचारायची. फोनवर नाही, कारण फोनवर ‘तुम्ही रांगेत आहात’ एवढंच ऐकायला मिळत होतं. यादीत पहिल्या रकान्यात शेवटी फार थोडं उरलं. आजींचा गुडघा तिसऱ्या रकान्यात गेला आणि त्या हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली.

त्या मुलीची फाइल

झोप न लागण्याचं मूळ मात्र वेगळं होतं.

माझ्याकडे येण्याच्या काही आठवडे आधी त्यांना एका मुलीचा संदर्भ, म्हणजे दत्तकासाठी सुचवलेल्या मुलाची फाइल, आला होता. त्यांनी निवडलेल्या गटात ती बसत नव्हती. तीन वर्षांची मुलगी. अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, फोटो. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असावं आणि वाढ वयाच्या मानाने थोडी मागे आहे, असं अहवालात होतं. उत्तर ठरावीक तासांत द्यायचं असतं. भारतीय पालकांना मूल राखून ठेवायला 48 तास मिळतात, यांचीही मुदत तासांतच मोजायची होती. सुहास कामासाठी बंगळुरूला. मेधाने ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना अहवाल दाखवला, त्यांनी ‘कागदावरून नक्की सांगता येणार नाही’ असं प्रामाणिकपणे सांगितलं. नवरा-बायको रात्री फोनवर बोलले, दोघंही घाबरलेले होते, आणि त्यांनी नाही कळवलं.

सुहासचं बाहेरगावी जाणं बंद झालं ते त्यानंतर. मेधाला त्या मुलीची जन्मतारीख पाठ होती. ती तारीख आली त्या दिवशी तिने रजा घेतली आणि घरात कुणाला कारण सांगितलं नाही.

नकार देणं हा गुन्हा नाही. झेपणार नाही हे ओळखून दिलेला नकार मुलाच्याही भल्याचा असतो, आणि त्या मुलीची फाइल पुढच्या पालकांपर्यंत जातेच. हे मी मेधाला सांगितलं, पण तिला टोचत होतं ते दुसरंच. ‘ताई, आम्ही विचार करून नाही म्हटलंच नाही. आम्ही फक्त घाबरलो.’ आणि तिचं खरं होतं. मुलाची कोणती गरज आपल्याला पेलेल, याबद्दल त्या दोघांचं इतक्या वर्षांत एकदाही बोलणं झालं नव्हतं. अर्जात ‘निरोगी’वर खूण केली आणि विषय संपला होता.

म्हणून ते बोलणं आता, कुठलीही फाइल समोर नसताना करायचं ठरलं. दोघं त्याच बालरोगतज्ज्ञांकडे वेळ ठरवून गेले. दुभंगलेला ओठ, हृदयाला असलेलं छिद्र, एका कानाचं बहिरेपण, थॅलेसेमिया, एचआयव्ही, प्रत्येकाबद्दल विचारलं: उपचार कुठे, किती वर्षं, खर्च किती, रोजच्या जगण्यात काय बदलेल. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे जाऊन आले. लहान मुलांना श्रवणयंत्र लावून बोलायला कसं शिकवतात ते तिथे त्यांनी समजून घेतलं. त्या दिवशी परतताना सुहास गाडीत रडला, असं मेधाने मला सांगितलं. त्यापूर्वी ‘मी ठीक आहे’ याखेरीज तो काही बोलत नव्हता.

ओवी

ओवीला मी उशिरा भेटले. ती व्हायला नको होती इतकी समंजस मुलगी होती.

पहिलीत असताना तिने वर्गात सांगितलं होतं, माझी बहीण येणार आहे. दुसरीत मैत्रिणी विचारायला लागल्या. तिसरीत कुणीतरी तिला थापाडी म्हटलं. तेव्हापासून तिने मैत्रिणींना घरी बोलावणं सोडलं होतं, कारण त्या खालचा पलंग बघतील. हे तिने आईबाबांना सांगितलं नव्हतं, ‘ते आधीच टेन्शनमध्ये असतात’ म्हणून.

दोन-तीन भेटींनंतर चित्र काढता काढता तिने विचारलं, ‘त्या बाळाला ऐकू येत नव्हतं म्हणून आईबाबा नाही म्हणाले. मला ऐकू आलं नसतं तर मलाही नाही म्हणाले असते का?’

त्या रात्रीचं फोनवरचं बोलणं तिने अंथरुणातून ऐकलं होतं. मोठ्या माणसांना वाटतं मुलांपर्यंत काही पोचत नाही. पोचतं सगळं, आणि मूल त्याचा अर्थ एकटंच लावत बसतं.

याचं उत्तर मी देऊन उपयोग नव्हता. मी ओवीच्या परवानगीने तिचा प्रश्न आईबाबांना सांगितला आणि त्यांनी तिला स्वतः उत्तर द्यावं असं सुचवलं. काय बोलायचं याची तयारी करून देऊ का, असं विचारलं तर सुहास म्हणाला, नको. रविवारी सकाळी त्याने तिला संभाजी मैदानाकडे चालायला नेलं. तू आमच्याजवळच होतीस, तुला काहीही झालं असतं तरी आम्ही तुझेच होतो. त्या मुलीला आम्ही भेटलोही नव्हतो. आम्हाला भीती वाटली आणि आमची तयारी नव्हती. आता आम्ही तयारी करतोय. एवढंच तो बोलला. ओवीने विचारलं, ‘मग ती आता कुठेय?’ तो म्हणाला, ‘माहीत नाही. कळणारही नाही.’ हे शेवटचं वाक्य त्याने खोटं सांगून गोड केलं नाही, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

खालचा पलंग कुणी वापरायचा हे ओवीवर सोपवलं. पुढच्या शनिवारी मैत्रीण राहायला आली.

इमारतीचा पुनर्विकास

हा भाग वाचून मुंबईबाहेरच्या वाचकांना वाटेल, याचा दत्तकाशी काय संबंध? मुंबईत असतो.

2023 च्या शेवटी सोसायटीने पुनर्विकासाला घेतलं. बिल्डर ठरला, जागेची वाढ ठरली, बाहेर राहण्याचं भाडं ठरलं आणि सभासदांच्या संमतीपत्रांवर सह्या सुरू झाल्या. सुहासने आईला सही करू दिली नाही. गृह अभ्यास या पत्त्यावर झालाय, पत्ता बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, अशी त्याची समजूत. दत्तकाचं इमारतीत कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे सही का नाही याचं कारणही देता येईना. सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेले. हे लोक परदेशातून आलेत, जास्त एरिया उकळायला बसलेत, अशी कुजबुज सुरू झाली. 2019 च्या शासन निर्णयानुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे एका सहीने पुनर्विकास अडणार नव्हता, फक्त वैर येणार होतं. आणि आलंच. चाळीस वर्षं ज्या बायकांच्या घरी आजी दिवाळीचा फराळ पाठवत आल्या, त्या खालच्या बाकावर आजी येऊन बसल्या की उठून जायला लागल्या.

आजी मला म्हणाल्या, ‘मूल यायचं तेव्हा येईल हो. पण माझी माणसं आत्ताच गेली.’ सुहासला हे माझ्या खोलीत, आईच्या तोंडून, पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

प्रश्न यादीच्या दुसऱ्या रकान्यात होता. संस्थेला लेखी विचारलं. उत्तर आलं: नवा पत्ता कळवा, कार्यकर्ती येऊन नवं घर बघेल, अहवालाला पुरवणी जोडू, तुमची जागा रांगेत आहे तिथेच राहील. आजींनी सही केली. सुहासने सेक्रेटरींना घरी चहाला बोलावून खरं कारण सांगितलं. त्या गृहस्थांच्या पुतणीने मूल दत्तक घेतलंय, हे त्या दिवशी कळलं. मुलुंड पूर्वेतच भाड्याचं घर बघितलं, म्हणजे ओवीची शाळा बदलायला नको. या नव्या घराला लिफ्ट आहे.

मागच्या दाराचा फोन नंबर

एकदा सुहास एकटाच आला. कल्याणच्या मावशींनी त्याला एक नंबर दिला होता. ओळखीचं नर्सिंग होम, एक अविवाहित मुलगी, बाळ होईल, ‘तुमच्या नावावर जन्मदाखला करून देतात, उगाच का वर्षं घालवता?’ मावशींचा हेतू वाईट नव्हता. भाच्याचं सुकलेलं तोंड त्यांना बघवत नव्हतं. सुहासने फोन केला नव्हता, पण नंबर पुसलाही नव्हता.

मी त्याला कायदा वाचून दाखवला. ठरवून दिलेल्या मार्गाबाहेर मूल दत्तक देणं-घेणं कलम 80 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलांची खरेदी-विक्री कलम 81 खाली येते, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मग शिक्षेचा विषय बाजूला ठेवून त्या मुलीबद्दल बोललो. मूल सोपवणाऱ्या आईला कायदा विचार बदलायला दोन महिने देतो. बाल कल्याण समितीसमोर तिला समजावून सांगितलं जातं, तिची सही तिथे होते. नर्सिंग होमच्या मागच्या दाराने मूल जातं तेव्हा तिला दोन तासही मिळत नाहीत, आणि त्या मुलाला मोठेपणी आपलं मूळ शोधायचं म्हटलं तर सापडतो एक खोटा जन्मदाखला.

सुहासने नंबर तिथेच पुसला. मावशींना समजावायला मेधा गेली. त्या अजून थोड्या नाराज आहेत.

आजींचे सयाजीराव

आजींच्या मनात दत्तक म्हणजे नात्यातला मुलगा, मांडीवर बसवून, होम करून, वंश पुढे चालवायला घेतलेला. त्यांच्या माहेरच्या वाड्यात असा एक दत्तक झाला होता. अनाथालयातली मुलगी, तीही घरात एक लेक असताना, हे त्यांनी मान्य केलं होतं, पण ते त्यांच्या मनात कुठे बसवायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्या कधी विरोधात नव्हत्या, म्हणून त्यांच्याशी कुणी बोललंही नव्हतं.

2024 मध्ये गृह अभ्यास अहवालाची तीन वर्षांची मुदत संपत आली आणि नवा अहवाल करायची वेळ आली. मी सुचवलं की अहवालाबरोबर अर्जातल्या निवडीही पुन्हा बघा. 2021 मध्ये ओवी सहा वर्षांची होती, तेव्हा तान्हं बाळ म्हणजे पाठचं भावंड झालं असतं. आता ती नऊ वर्षांची होती. प्रतीक्षा लांबली की घरही पुढे सरकतं, आणि जुन्या अर्जातलं मूल त्या घराला बसेलच असं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा विचार कराल का?

मेधा गप्प झाली. मोठं मूल म्हणजे त्याच्या आठवणी, त्याचे राग, आपल्याला ‘आई’ म्हणायला लागणारा वेळ. ही भीती खोटी नाही. अशा मुलांना घरात रुळायला काही महिने, कधी वर्षंही लागतात, आणि पालकांना मदत लागते. मी ते सगळं तसंच सांगितलं.

त्या शांततेत आजी बोलल्या. ‘सयाजीराव गायकवाड कवळाण्याहून बडोद्याला दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांकडून कोल्हापूरच्या गादीवर आले तेव्हा दहावं चालू होतं. मोठी मुलं रुजत नाहीत असं कुणी सांगितलं?’

1875 आणि 1884. वयं बरोबर आहेत. ते दत्तक राजगादीसाठी होते, मुलाच्या घरासाठी नव्हे, हा फरक मोठा आहे आणि आजींना तो माहीत होता. पण आपल्या ओळखीच्या इतिहासात त्यांना या नव्या नातवंडासाठी जागा सापडली. घरातल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाकडून हे आल्यावर बाकीच्यांचं बोलणं सुरू झालं. नव्या अर्जात त्यांनी चार ते आठ वर्षं हा गट घेतला, ओवीपेक्षा लहान एवढी अट ठेवून, आणि कोणत्या गरजा पेलतील तेही विचार करून लिहिलं. एका बाजूचं किंवा दोन्ही बाजूंचं बहिरेपण त्यात आहे.

सध्या

हे लिहिताना कुटुंब अजून रांगेतच आहे. मेधाने पुण्याची नाही, पण मुंबईतलीच एक मोठी जबाबदारी घेतली. सुहास पुन्हा कामासाठी प्रवास करतो; संदर्भ आला तर कुणाला फोन करायचा, कोणत्या डॉक्टरांना अहवाल पाठवायचा आणि दोघांनी समोरासमोर बसल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हे ठरलेलं आहे. वाढदिवस होतात. भांडणंही होतात, आता बहुतेक भाड्याच्या घराच्या पाण्यावरून. त्यांची-माझी भेट दर तीन महिन्यांनी होते. माझं ठाम मत आहे की अशी भेट प्रत्येक थांबलेल्या कुटुंबाला संस्थेकडूनच मिळायला हवी, नोंदणीच्या दिवसापासून, आणि तिच्यासाठी घर मोडकळीला यायची वाट बघायला लागू नये. त्याला फार पैसाही लागत नाही. एक प्रशिक्षित माणूस आणि तीन महिन्यांतून एक तास, एवढंच.

गेल्या भेटीत वादाचा विषय नाव हा होता. आजींनी मुलीसाठी आणि मुलासाठी नावं काढून ठेवली आहेत. गोपाळचे सयाजीराव झाले, यशवंतचे शाहू झाले, दत्तकात नाव बदलतंच, असं त्यांचं म्हणणं. ओवीचं म्हणणं, ‘सहा वर्षं तिला सगळे ज्या नावाने हाक मारतात ते तिचंच आहे ना? आपण कसं बदलणार?’ संस्थेच्या कार्यकर्तीने सांगितलं आहे की एवढ्या वयाच्या मुलाचं नाव शक्यतो ठेवावं आणि बदलायचं तर त्याला विचारून. मेधाला ते पटलंय, सुहासला आईचं मन मोडवत नाही. पुढची भेट दिवाळीनंतर आहे. तोवर आजींनी यादीत नवी नावं घालायची नाहीत आणि ओवीने त्यांना त्यावरून छेडायचं नाही, असं दोघींनी माझ्यासमोर कबूल केलं आहे.